आजीला विचारलं का?

मित्रांनो, मी एक जुनी चोपणी आहे, आणि माझी कथा सांगण्याआधी मला एक तक्रार करायची आहे. मला दाराचा टेकू केले होते.

चोपणी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले नसेल. खाली लोखंडाची जाड, चौकोनी पाटी आणि तिच्यातून वर निघालेला छातीएवढा लाकडी दांडा. दोन्ही हातांनी उचलायचे आणि सैल मातीवर सोडायचे. माती दबते, पक्की होते. एवढेच माझे काम आणि एवढेच माझे शिक्षण. शाळा मी जन्मात एकदाच पाहिली, तीसुद्धा तिचे पटांगण चोपायला गेले होते तेव्हा. पण पाय कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये, हे सांगायला मला कुणाच्या पुस्तकाची गरज पडलेली नाही.

अशा मला वेल्डरच्या दुकानाच्या दाराशी तिरके उभे केले, कारण ते दार वाऱ्याने आपटत होते. करणारा कोण, तर वेल्डरच्या मेव्हणीचा मुलगा. तो भिंती रंगवण्याचे काम करतो, पण घरात सगळे त्याला वकील म्हणतात. हातातला कप पडून फुटला, तर हा जमिनीची चूक काढतो. समोरच एक वीट पडली होती. ती उचलायला त्याला वाकावे लागले असते आणि मी हाताशी होते. म्हाताऱ्या माणसांचे असेच असते, मित्रांनो. म्हातारी हाताशी असली की तिचा टेकू करायचा.

असो. त्याचा निकाल शेवटी लावीन. आधी जन्मापासून सांगते.

माझी पाटी एका जुन्या पाण्याच्या टाकीच्या तळातून कापलेली आहे. टाकी मोडीत निघाली, पण तिचा तळ कुठेही सडला नव्हता. वेल्डर तेव्हा नुकताच स्वतःचे दुकान थाटून बसला होता. पदपथांवर फरश्या बसवणाऱ्या एका माणसासाठी त्याने मला घडवले. त्या माणसाला सगळे फरशीवालाच म्हणत. वेल्डरने चारही कोपरे घासून गोल केले, मध्यभागी नळीचा तुकडा जोडला आणि त्यात कुऱ्हाडीला लागते तसल्या चिवट लाकडाचा दांडा ठोकला.

“ही तुमच्यामागेही राहील,” वेल्डर म्हणाला.

“राहू दे की,” फरशीवाला म्हणाला. “घरात कुणी तरी जड पाहिजेच.”

त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही. त्याने मला कधी फेकले नाही. काम संपले की आधी मला धुवायचा, मग स्वतःचे हात. आम्ही दोघांनी मिळून किती रस्ते चोपले ते मला मोजता येत नाही, कारण मोजणे मी शिकलेच नाही. पण दवाखान्याच्या दारातला एक उतार मला आठवतो. त्यावरून चाकाच्या खुर्च्या जातात. आजतागायत तो उतार कुठे खचलेला नाही. आमच्या फरशीवर पाऊल टाकले आणि खालून पाणी उडाले, असे कधी झाले का ते कुणाच्याही कपड्यांना विचारून बघा. एक डाग सापडणार नाही.

त्याची एक रीत होती. माती बोटभर पसरायची, मग मार. पुन्हा बोटभर, पुन्हा मार. शेजारचे कामगार घमेली रिकामी करून वरवर दोन थापा मारत आणि चहाला जात. हा मात्र थरावर थर घालत बसायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, “थर जाड घातला की वरची माती मार खाते आणि खालची झोपून राहते.” वाक्य लहान आहे, पण मी त्यावर अख्खे आयुष्य काढले.

पुढे माती चोपायला पेट्रोलवर धडधडणारे यंत्र आले. ते दिसायला लहान आणि बोलायला मोठे. फरशीवाल्याचेही गुडघे थकले होते. माझा दांडा सैल झाला म्हणून तो मला वेल्डरच्या दुकानात ठेवून गेला आणि परत न्यायला आलाच नाही. मी रागावले नाही. माहेरीच तर सोडले होते. पण माहेरी कायमचे राहायला लागले की माणसाचे काय होते, ते तुम्हाला आईला विचारावे लागेल. गॅसच्या नळकांड्यांमागचा कोपरा मला मिळाला. पाटीवर गंज चढला. एका कोळिणीने माझ्या दांड्यापासून भिंतीपर्यंत जाळे विणून संसार मांडला. तिच्याशी माझे बरे जमले, कारण तीही दिवसभर कामात असायची.

मग एका सकाळी कुणीतरी माझा दांडा धरून ओढला.

ती वेल्डरची मुलगी. तिला घरात टोळ म्हणतात, कारण लहानपणी ती पायऱ्या उतरायची नाहीच, वरून उडीच मारायची. आता चांगली मोठी झाली आहे. दुपारनंतर छापखान्यात कागद मोजते आणि उरलेला वेळ सायकलवर हवेत असते.

“बाबा, हे काय आहे?” तिने विचारले.

“चोपणी आहे. फरशीवाल्याची. ठेव तिथेच, जड आहे ती.”

“मला पाहिजे.”

“कशाला?”

“मारायला.”

“कुणाला?”

“मातीला, बाबा. तुम्हाला मारायला इतकी जड कशाला लागेल?”

वेल्डर हसला. त्याने दांड्याला पाचर ठोकली, पाटीवरून तारेचा ब्रश फिरवला आणि मला तिच्या हातात दिले. मी पुन्हा उन्हात आले. त्या पोरीचे हे पहिले ऋण.

आमच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे विटांचा बंद पडलेला कारखाना आहे आणि त्याच्या मागे एक टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी कारखान्यासाठी काढलेली माती ढिगांनी पडलेली होती. या मातीचे टोळने आणि तिच्या सोबत्यांनी उड्यांचे ढिगारे केले होते. एका ढिगाऱ्यावर सायकलने चढायचे, मधल्या खिंडीवरून हवेतून जायचे आणि पलीकडच्या ढिगाऱ्याच्या उतारावर चाके टेकवायची. अशा एकामागे एक तीन जोड्या होत्या. त्यांची नावे धाकटी, मधली आणि थोरली. ह्या खेळाला डर्ट जंप म्हणतात, आणि टेकडीवरून ठरलेली वाट सोडून, दगडावरून, फळीवरून, मनाला येईल तिकडून खाली येण्याला फ्रीराइड. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, ह्यांच्या घरी कुणी मोठे माणूस नाही की काय.

आणि ती सायकल. मडगार्ड नाही, घंटी नाही, मागे कॅरियर नाही. सीट इतकी खाली की बसण्यापेक्षा ती शोभेलाच असावी. आमच्या काळी अशी सायकल दिसली की लोक विचारत, चोरांनी एवढीच ठेवली का? पण मी तिच्याशी भांडले नाही. तिचे पुढचे शॉकअप दणका सोसते आणि मी दणका देते. दोघींचे काम एकाच घरचे.

तिथे सगळ्यांत जाणता माणूस म्हणजे मास्तर. तो बसडेपोत इंजिने दुरुस्त करतो. केस पांढरे झाले आहेत, एक कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि हे कोपर कसे वाकले ते तो प्रत्येक वेळी वेगळे सांगतो. मला पाहताच त्याने मला उचलून जमिनीवर सोडले आणि कान तिरका केला.

“अरे वा,” तो म्हणाला. “आजी आली घरात.”

तेव्हापासून मी आजी. मला हे नाव फार आवडले, पण मी तसे दाखवले नाही.

त्यांच्यात एक नियम आहे. ज्याचा हात मातीत, त्याचेच चाक मातीवर. खणल्याशिवाय कुणी उडी मारायची नाही, मग तो कुणीही असो. मी आल्यावर मास्तरने दुसरा नियम घातला. रोज पहिली उडी घेण्याआधी चढावर तीन जागी मला सोडायचे, पायाला, पोटाला आणि तोंडाला. तोंड म्हणजे चढाची अगदी वरची कड. तिथूनच चाक जमीन सोडते. माती पक्की असेल तर मी ‘ठक्’ म्हणते. ओली असेल तर ‘पच्’. आणि आतून पोकळ असेल तर ‘भद्’. मी कुणाचे तोंड बघून बोलत नाही. त्यामुळे सकाळी कुणी सायकल घेऊन चढाकडे वळले की बाकीचे ओरडत, “आजीला विचारलं का?”

तुम्हाला सांगते, मित्रांनो, आयुष्यभर मी मार दिला. पण मला कुणी काही विचारले, ते ह्या हंगामातच.

आणि काय हंगाम होता तो. दिवस कोरडे होते, माती मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरून ठेवील इतकी शहाणी झाली होती. सकाळी ही मंडळी टेकडीवर फ्रीराइडला जात. वरून धुळीची एक रेघ निघायची, झुडपांत शिरायची, दगडावरून उडायची आणि थेट आमच्यापाशी येऊन थांबायची. मग फावडी आणि घमेली निघत. कडा भरल्या जात. मी थरावर थर चोपत असे. दांड्यावर माझ्या कितीतरी हातांचा घाम मुरला. कोपऱ्यात राहून सुकलेले लाकूड पुन्हा गुळगुळीत झाले. लोक लांबून बघायला येत, फोन पुढे धरून चित्रे काढत. सायकलीची स्तुती व्हायची, टोळची व्हायची, हेल्मेटच्या रंगाचीसुद्धा व्हायची. कुणी म्हणाले नाही की बाई, ह्या खालच्या मातीला कुणी वळण लावले? नाही तर नाही. पायाला कोण बघते? सगळे खिडक्यांना बघतात.

आता ह्या पोरीचे दुखणे सांगते. गेल्या हंगामात थोरलीवरून ती पडली होती आणि खांद्याचे हाड मोडले होते. हाड जुळले. पण तेव्हापासून ती धाकटी उडे, मधली उडे आणि थोरलीच्या पायथ्याशी आली की ब्रेक दाबे. वरून वाऱ्यासारखी येई आणि नेमकी माझ्यासमोर तो कर्कश आवाज. रोज. मग ती सायकल फिरवून मुकाट्याने घमेले उचलायची. कुणी काही बोलत नसे. वकील तेवढा म्हणे, “चूक तुझी नाही, उताराचीच आहे.” तेव्हा तो मला बरा वाटे.

तिची आई शिवणकाम करते, गाड्यांच्या सीटची कव्हरे आणि ताडपत्र्या. त्या हाड मोडल्याच्या दिवसापासून तिने ह्या जागेकडे पाठ फिरवली होती. मात्र उड्यांवर पावसापाण्यात घालायला ताडपत्री लागते हे कळल्यावर तिने तीन ताडपत्र्या शिवून पाठवल्या, कडेला दुहेरी शिलाई घालून. माया अशी पण असते. ती बघायला येत नाही, पण शिलाई दुहेरी घालते.

हंगाम संपत आला आणि बातमी आली की जागा गोदामासाठी गेली. सोमवारी सपाटीकरणाची यंत्रे येणार होती. त्याआधीचा रविवार शेवटचा. शनिवारी दुपारी जेवताना टोळ म्हणाली, “उद्या थोरली.” बस, एवढेच. आईने भाजीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, “मी येते.”

वकील तिथेच जेवत होता. इथून पुढे त्याची करामत सुरू होते.

त्या आठवड्यात एक अवकाळी सर येऊन गेली होती. थोरलीची ताडपत्री वाऱ्याने सुटली आणि चढाचे तोंड विरघळून खाली आले. ते नीट करायचे राहिले होते. वकिलाने ठरवले की आपल्या मावसबहिणीसाठी हे काम आपण गुपचूप करावे आणि सकाळी तिला चकित करावे. हेतूबद्दल मी त्याला नावे ठेवत नाही. तो जेवणावरून उठून दुकानात आला, फावडे आणि बादली घेतली. दार आपटत होते, म्हणून मला टेकू लावले. आणि मला तिथेच ठेवून गेला.

फावडे नेले, बादली नेली, आणि जिचे काम होते तिला दारात उभी केली. लग्नाला जाताना नवरी घरी विसरावी, तशातली गत.

पुढे काय झाले ते मला नंतर सगळ्यांच्या बोलण्यातून कळले. त्याने कोरडी माती ओढून एकदम ढीग लावला, वरून पाणी मारले आणि फावड्याच्या पाठीने ती सारवत सारवत अशी काही लखलखीत केली, की रंगाआधी भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासावी. भिंतीचेच हात ते. सकाळी सगळे जमले तेव्हा थोरलीचे तोंड आरशासारखे दिसत होते.

“कुणी केलं हे?” मास्तरने विचारले.

“मी,” वकील म्हणाला. “हात फिरवून बघा. गालासारखं झालंय.”

टोळची आई एका उलट्या घमेल्यावर बसली होती. टोळ टेकडीवर पोचली होती, हेल्मेटचा पट्टा लावून, एक पाय पायडलवर ठेवून.

“आजीला विचारलं का?” मास्तर म्हणाला.

“विचारायचं काय त्यात? दिसतंय की.”

“दिसतंय म्हणूनच विचारतोय. आहे कुठे आजी?”

“दुकानात आहे. दार धरून उभी आहे.”

हे वाक्य वरपर्यंत ऐकू गेले. टोळने पाय खाली टेकवला आणि सायकल आडवी टाकून ती टेकडी उतरायला लागली.

वकील धावत पुढे गेला. “अगं, येडी का? सगळा हंगाम गेला तेव्हा आज कुठे धीर झालाय तुला. आत्ता उतरलीस तर पुन्हा चढायची नाहीस. मी सांगतो ना, पक्कं आहे.”

मित्रांनो, धीराबद्दल तो खोटे बोलत नव्हता. असा धीर रोज येत नाही. तो आला की त्याच्यावर स्वार व्हायचे असते. तो जाऊ देणे म्हणजे काय, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते.

“चढणार का नाही ते माहीत नाही,” ती म्हणाली. “पण आजीला विचारल्याशिवाय चढणार नाही, हे नक्की.”

ती रस्ता ओलांडून दुकानात आली आणि तिने मला उचलले. मागे दार धाडकन आपटले. तो आवाज मला फार गोड लागला.

तिने मला थोरलीच्या पायावर सोडले. मी म्हटले, ठक्. पोटावर सोडले. ठक्. हे दोन्ही आम्ही हंगामभर घातलेले थर होते, त्यांच्याबद्दल मला शंका नव्हतीच. मग ती वर चढली आणि मला त्या आरशावर सोडले.

भद्.

तिने पुन्हा एकदा सोडले. तेव्हा तो सगळा गुळगुळीत पापुद्रा जखमेवरच्या खपलीसारखा सुटला आणि खाली घसरला. आत नुसता भुसभुशीत पोकळ ढीग होता, बडा घर पोकळ वासा. पुढचे चाक त्यात रुतले असते आणि पोरगी खिंडीत डोक्यावर गेली असती. तिच्या आईच्या डोळ्यांदेखत.

वकिलाचे तोंड चुन्यासारखे पांढरे झाले. मी वाट बघत होते की आता हा कुणाची चूक काढतो, मातीची की पाण्याची. पण त्या पोकळीत हात घालून त्याने ती माती मुठीत घेतली. ती बोटांतून गळून गेली.

“काल अंधार पडेपर्यंत करत होतो,” तो हळूच म्हणाला.

“भिंतीवर कुणी चालत नाही रे बाबा,” मास्तर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

टोळ चढाच्या कडेवर बसून राहिली. सोमवारी यंत्रे येणार होती. ओली नवी माती घालून ती वाळायला वेळ नव्हता. हंगामभर ज्यासाठी खणले, ते समोर फुटलेले पडले होते.

तेव्हा तिची आई उठली. मला वाटले, आता ही पोरीला घरी नेणार. तिने बाह्या दुमडल्या.

“फाटलंय तेवढंच ना?” ती म्हणाली. “ठिगळ लावू. पण ठिगळ त्याच कापडाचं पाहिजे. नवं कापड लावलं की पहिल्या धुण्यात ओढ बसते. हीच माती, अशीच मुरलेली, अजून कुठे आहे?”

टोळने मान वळवली. तिने धाकटीकडे पाहिले, मग मधलीकडे. त्या दोघी तिने स्वतःच्या हाताने घातल्या होत्या. त्यांच्यावर ती रोज उडत होती. त्या मोडल्या आणि थोरलीवर धीर झाला नाही, तर आज तिच्याकडे उडण्यासारखे काहीच उरणार नव्हते.

“मोडा,” ती म्हणाली आणि पहिली कुदळ तिनेच मारली.

मग जे काम झाले, त्यासाठी मी आजन्म आभारी आहे. मास्तर माती खणून द्यायचा. टोळ आणि तिची आई ढेकळे फोडून, हाताने पाणी शिंपडून, पातळ पसरायच्या. आणि मला धरायला वकील पुढे आला.

“मी धरतो आजीला,” तो म्हणाला. कुणी नाही म्हटले नाही.

तो नाजूक हातांचा माणूस. ब्रश धरणारे हात ते. थोड्याच वेळात तळव्यांवर फोड आले, ते फुटले आणि माझा दांडा ओलसर झाला. त्याने फडके गुंडाळले आणि पुन्हा मला उचलले. एकदा टोळच्या आईने घाईने जरा जास्त माती टाकली. तो थांबला.

“मावशी, थर जाड झाला,” तो म्हणाला. “अर्धी माती काढ.”

फरशीवाला नव्हता तिथे. त्याचे नावही ह्या मुलाला ठाऊक नाही. पण ते वाक्य ऐकले आणि मला वाटले, माझा माणूस मला परत भेटला.

उन्हे कलायला लागली तेव्हा थोरली पूर्ण झाली. ती आरशासारखी दिसत नव्हती. थरांच्या रेघा दिसत होत्या, माझ्या पाटीचे चौकोन दिसत होते. मास्तरने मला वकिलाकडून घेतले आणि टोळच्या आईच्या हातात दिले.

“तुम्ही विचारा,” तो म्हणाला.

ती बिचकत चढावर आली. तिने मला पायाला सोडले, पोटाला सोडले. मग तोंडाला. ठक्. तिची खात्री होईना. तिने गुडघे टेकून मातीला हात लावला आणि मला आणखी एकदा सोडले. ठक्. कुणाच्याच हातून मी कधी इतकी मोठ्याने बोलले नव्हते.

तिने टेकडीकडे पाहून हात वर केला. “जा,” ती म्हणाली.

मला त्यांनी चढाच्या पायथ्याशी गवतात आडवे ठेवले होते, म्हणून मला फार काही दिसले नाही. मी कानावर जगणारी बाई. टेकडीवरून चाकांची करकर निघाली. मधली, धाकटी नव्हत्याच, त्यामुळे ती सरळ माझ्याकडे येत होती, वाढत होती. आता तो कर्कश आवाज येईल म्हणून मी अंग आवळले. रोजची सवय. तो आला नाही. चाके चढावर आली, माझ्या सगळ्या थरांवरून, पाया, पोट, तोंड, आणि मग काहीच ऐकू आले नाही.

मित्रांनो, आयुष्यभर मी आवाज केला. पण माझ्या साऱ्या माराचे फळ म्हणजे ते एवढेसे न वाजणे.

मग पलीकडे, उतारावर, दोन चाके एकत्र टेकली. स्वच्छ. आणि करकर पुन्हा सुरू होऊन लांब गेली.

मास्तर माझ्याजवळ खाली बसला आणि वाकड्या हाताच्या बाहीने डोळे पुसू लागला, पण बाही मातीने भरली होती. वकिलाने स्वतःचे फडके पुढे केले. टोळ सायकल ढकलत परत आली. तिचे हसू हेल्मेटमध्ये मावत नव्हते.

“आई, पाहिलंस?”

“नाही,” आई म्हणाली. “डोळे मिटले होते मी. पुन्हा कर.”

तिने पुन्हा केली. दुसऱ्या वेळी आईने डोळे उघडे ठेवले. मला गवतातून तिचे फक्त पाय दिसत होते, पण ती चवड्यांवर उभी राहिली होती.

सोमवारी यंत्रे आली आणि सगळे सपाट झाले. मास्तर सांगत होता की थोरलीपाशी यंत्र अडले, त्याला मागे घेऊन पुन्हा जोर लावावा लागला. हे ऐकून मला इतके बरे वाटले की त्या दिवशी माझ्या कुठल्याही सांध्यात दुखले नाही.

हंगाम संपला. त्यातले जमिनीवर काही उरले नाही, तरी मी तक्रार करणार नाही. फरशीवाल्याने मला धुतले, वेल्डरने दोनदा जन्म दिला, त्या पोरीने मला उन्हात आणले, मास्तरने नाव दिले, आणि एका आईने मला प्रश्न विचारून माझ्या उत्तरावर आपली लेक सोडली. एवढे मोठे उत्तर द्यायची वेळ भल्याभल्यांवर येत नाही.

तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणीतरी उभे असेल, मित्रांनो. कदाचित अवजार असेल, कदाचित माणूस असेल. त्याच्यावरची धूळ झटका. आणि पुढचे पाऊल टाकण्याआधी त्याला एकदा विचारून बघा. उत्तर गोड असेलच असे नाही, पण पाय मुरगळणार नाही.

आता राहिला वकिलाचा निकाल. काल तो दुकानात आला. हातांवरच्या फोडांच्या जागी कडक कातडी धरली आहे. त्याने भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या, माझा गंज घासला, दांड्याला जवसाचे तेल चोळले आणि अगदी हळू विचारले, “काय आजी, राग गेला का?” मागे दार वाऱ्याने आपटत होते. त्याने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

तेव्हा मी त्याला मोठ्याने म्हटले, “हे बघ वकिला, काम वाईट केलंस, पण मन वाईट नव्हतं, आणि जो जाड झालेला थर अर्धा काढायला लावतो त्याला मी घरातलाच समजते. आता वाक, ती समोरची वीट उचल, आणि दाराला लाव.”